हाडांचं पाणी

४ ऑगस्ट

आक्का,

पत्राच्या सुरुवातीला तुला नमस्कार लिहायची हाताला सवय आहे. आज लिहिलेला नाही. विसरलो म्हणून नव्हे.

तुझी मोठी बॅग, शिवणाचं मशीन आणि औषधांचा डबा मालवाहू गाडीने दादाच्या पत्त्यावर पाठवलाय. मशीनची सुई काढून वेगळी गुंडाळली आहे. गुडघ्याचं मलम संपत आलं होतं, नवीन आणून टाकलंय. काही राहिलं असेल तर वहिनीकडून कळव. फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस, मग मला बोलायचं ते राहून जातं आणि शेवटी मीच तुझी समजूत काढत बसतो. या वेळी मला कोणाची समजूत काढायची नाही.

तू तिकडे पोहोचल्यावर काय सांगितलंस ते वहिनीने मला कळवलं. "पोरीच्या पोटात दोन घास जावेत म्हणून धडपडले, तर भावाने घराबाहेर काढलं." दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. म्हणून काय झालं ते एकदा लिहून ठेवतो. तूही वाच, दादालाही वाचू दे.

रविवारी दुपारी आपण तिघं जेवायला बसलो होतो. सकाळीच डॉक्टर बाईंकडे खारूचं वजन झालं होतं. चाळीस किलो. चार महिन्यांपूर्वी ते छत्तीस होतं आणि आणखी एक किलो जरी घटलं तरी दवाखान्यात ठेवावं लागेल असं बाई म्हणाल्या होत्या. त्यामुळे त्या दिवशी आपण तिघंही खुशीत होतो. खारूने सूपाचा दुसरा वाडगा घेतला. दुसरा वाडगा, आक्का. आणि तुझ्याकडे बघून म्हणाली, "बघ आत्या, मांस न खाता वाढलं की नाही वजन?"

तू हसलीस. मला ते हसू अजून दिसतं. तू म्हणालीस, "चार महिने कोंबडीच्या हाडांचं पाणी पितेयस, राणी. रोज. झालं का काही तुला? आहेस ना धडधाकट?"

ती आधी हसलीच. तिला वाटलं तू थट्टा करतेयस. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

पुढचं तुला माहीत आहे, कारण न्हाणीघराच्या दाराबाहेर तू माझ्या शेजारीच उभी होतीस. तीन तास. आत नळ वाहत होता आणि तू मला सांगत होतीस, "होईल शांत. आता कळलं ना तिला की काही होत नाही, आता भीती जाईल."

म्हणून मी तुझी बॅग काढली. पौष्टिक घासांसाठी नाही.

धाकटा

१९ ऑगस्ट

आक्का,

दादाच्या हातचं पत्र आलं. अक्षर त्याचं, वाक्यं तुझी. "आमच्या वेळी याला मंत्रचळ म्हणायचे आणि पोरांना कामाला जुंपायचे." हे तू आधीही म्हणाली होतीस, डॉक्टर बाईंच्या दवाखान्याबाहेरच्या बोळात. आतमध्ये मात्र मान हलवली होतीस.

खारू कशी आहे असं विचारलं आहेस. सांगतो.

ती जिभेला साबण लावते. अंघोळीचा साबण, दात घासायच्या ब्रशवर घेऊन. सात वेळा, आणि मधे चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. बोटांच्या सांध्यांवरची कातडी फुटली आहे. घरात शिजलेलं काहीही खात नाही. केळी, संत्री, म्हणजे ज्याला स्वतःचं साल आहे असं, आणि बिस्किटांचा पुडा, तोही दुकानातून तिनेच आणलेला आणि तिनेच फोडलेला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला जणू आग लागली आहे असं त्याच्यापासून लांबून जाते. वजन पुन्हा अडतीसवर आलंय. शाळेत आठवड्यातून दोन दिवस जाते.

मला एवढं लिहून थांबता येईल. पण तू काय मोडलंस ते तुला कळलेलं नाही असं मला वाटतं, म्हणून ते आधी कसं उभं राहिलं होतं तेही लिहितो.

मार्चमध्ये आपण तिघं डॉक्टर बाईंसमोर बसलो होतो. तू खिडकीजवळच्या निळ्या खुर्चीवर होतीस. बाईंनी खारूला सरळ विचारलं, "तुला मांस खायचं नाही, हे कोण म्हणतंय? तू की तुझा आजार?"

मला वाटलं ती गोंधळेल. पंधरा वर्षांची पोर. पण तिने ती गोष्ट सांगितली, जी तिने मला कधी सांगितली नव्हती, तुलाही नाही. शाळेची बस सिग्नलला थांबली होती आणि शेजारी कोंबड्यांच्या पिंजऱ्यांची गाडी येऊन उभी राहिली. हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. एका कोंबडीने तिच्याकडे पाहिलं आणि डोळा मिटला. "आपली पापणी वरून खाली येते," खारू म्हणाली, "तिची खालून वर गेली. मला एवढंच वाटलं की ही कोणीतरी आहे."

बाई म्हणाल्या, "आणि समजा तुझी भीती उद्या सगळी गेली. मग खाशील?"

"नाही. भीती गेली तरी खाणार नाही. उलट मग मला नीट कळेल की मी का खात नाही."

बाईंनी मग कागदावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला खारूचं, दुसऱ्या बाजूला आजाराचं. प्राणी खायचे नाहीत, हे खारूचं. फ्रीजच्या दाराला कोपराने ढकलायचं, ताट सात वेळा धुवायचं, प्रत्येक घासाआधी "यात काही नाही ना, नक्की ना" असं विचारायचं, हे आजाराचं. बाई आपल्या दोघांना म्हणाल्या, "हिच्या बाजूला पूर्ण साथ द्या. त्याच्या बाजूला एक घासही घालू नका. दोन्ही एकमेकांत मिसळू देऊ नका, ती स्वतः खूप कष्टाने ते वेगळं करतेय."

तू मान हलवलीस. मी पाहिलं.

आणि मग तिने जे केलं ते तू स्वतः पाहिलेलं नाहीस, कारण ते माझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानात झालं. तुला माहीत आहे, मी अजून जाड पुस्तकांच्या पाठीला सरस लावतो. सरस कातडी-हाडांचा असतो हे तिने कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून मी बांधलेल्या पुस्तकांना हात लावेना. घरातली निम्मी पुस्तकं माझ्या हातची. शाळेची वह्याबुकं धरून. मी बाईंना म्हटलं, सरस सोडून देतो, दुसरा डिंक मिळतो बाजारात. बाई म्हणाल्या, "तिच्यासाठी म्हणून सोडू नका. तिला विचारा."

मी विचारलं, आणि उत्तर म्हणून खारू एका शनिवारी सकाळी दुकानात आली. सरसाचं भांडं शेगडीवरून उतरवून ठेवलेलं होतं, कोमट. तिने त्यात दोन बोटं बुडवली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. बोटं वाळू दिली. हात धुतला नाही. ओठ पांढरे पडले होते. मी जुजबंदी, म्हणजे पानांची शिवण, करत होतो, दोरा सुईत जाईना. अर्धा तास गेला, मग ती म्हणाली, "बाबा, हे घाण वाटतंय. पण वाटू दे." त्याच हाताने तिने पिशवीतून ब्रेड काढला आणि खाल्ला.

आक्का, मी आयुष्यात अनेक धीट माणसं पाहिली असतील. तिच्याइतका धीट माणूस पाहिला नाही. आणि बरोबर त्याच आठवड्यात, आता मला हिशेब लागतो, तू घरी हाडं शिजवायला सुरुवात केली होतीस.

धाकटा

७ सप्टेंबर

आक्का,

वहिनी फोनवर म्हणाली, "झालं गेलं सोडून द्या की आता. म्हातारी माणसं असंच करतात." तू म्हातारी कधीपासून झालीस? साठाव्या वर्षी तू बाजारातून दहा किलोची पिशवी एका हाताने आणायचीस. सोयीने म्हातारी होऊ नकोस.

ती असंही म्हणाली की तू रोज संध्याकाळी दाराकडे तोंड करून बसतेस. ते मला सांगायला नको होतं.

मी स्वयंपाक शिकतोय. तुला हसू येईल. पहिल्या दिवशी भात इतका गिचका झाला की दुकानात नेऊन पुठ्ठे चिकटवता आले असते. खारूला हे सांगितलं, ती हसली नाही, पण तोंडाचा एक कोपरा हलला. मी शिजवलेलं ती खात नाही. मी तिच्यासमोर बसून खातो, ती तिचं संत्रं सोलते. डॉक्टर बाई म्हणाल्या, तेवढं तरी करा, एका टेबलावर बसा.

मला आज तुझ्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

बाईंनी आपल्या घराला एक नियम दिला होता. खारूने "यात काही नाही ना?" असं विचारलं की उत्तर एकदाच द्यायचं. पूर्वी ती तीस तीस वेळा विचारायची आणि आपण तीस वेळा सांगायचो, आणि दर वेळी भीती दुप्पट व्हायची. नियम ठरला, तेव्हा उत्तर द्यायचं काम तिने मला दिलं. तुला नाही. म्हणाली, "आत्या कंटाळून काहीही सांगेल, बाबा खरं सांगेल." तू तेव्हा रुसलीस.

मग रोज, दोन्ही वेळा, ती वाडग्याकडे बघायची, मग माझ्याकडे. मी म्हणायचो, "यात प्राण्याचं काही नाही. एकदाच सांगतो." ती मान हलवायची. पुन्हा विचारावंसं वाटायचं तिला, दिसायचं ते, गळ्याची शीर उडायची. पण विचारायची नाही. चमचा उचलायची. ते सगळं धाडस तिने माझ्या एका वाक्यावर उभं केलं होतं.

आणि वाक्य खोटं होतं. तू हाडं शिजवलीस, गाळलीस, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलीस, आणि खोटं बोलायला माझं तोंड वापरलंस. मला दुसरं काही सहन झालं असतं. तू तिच्यावर ओरडली असतीस, तोंडावर सांगितलं असतंस की हे थेर मला मान्य नाहीत, मी शिजवणार नाही, तुझं तू बघ, तर आपण भांडलो असतो आणि आठ दिवसांनी पुन्हा एका टेबलावर बसलो असतो. तू मान हलवलीस आणि पाठ वळल्यावर उलट केलंस. तिची आई गेली तेव्हा खारू चार वर्षांची होती. अकरा वर्षं तिला भूक लागली की ती तुझ्याकडे यायची. आता तिला भूक लागली की ती दुकानात जाऊन बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचते.

डॉक्टर बाईंना मी विचारलं, असं का झालं असेल इतकं? मूळ आजारापेक्षा जास्त? त्या म्हणाल्या, "आजार तिला रोज सांगत होता की कोणावर विश्वास ठेवू नकोस, सगळे फसवतात. आम्ही सांगत होतो की तो खोटं बोलतो. आता तो म्हणतोय, बघ, मी खरं बोलत होतो."

मी पायऱ्या उतरून खाली आलो आणि बराच वेळ गाडीतळावर नुसता उभा राहिलो.

ती गेल्या महिन्यात मला एकदा म्हणाली, "तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही."

नियमाप्रमाणे तिने पुन्हा विचारलं नाही.

धाकटा

२८ सप्टेंबर

आक्का,

दोन पत्रं लिहून फाडली. तुझं उत्तर आलेलं नाही, येईल असंही मी काही लिहिलेलं नाही. दादाने कळवलं की तू माझी सगळी पत्रं नीट घडी करून ठेवतेस आणि त्यांच्यावर एक अक्षर बोलत नाहीस. तू बोलली असतीस तर बरं झालं असतं. तू गप्प बसलीस की मला माझंच ऐकू येतं.

जूनच्या शेवटाला एक दिवस मी चष्मा घरी विसरलो होतो. दुपारी दुकानाला कुलूप घालून आणायला आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. तू स्वयंपाकघरात पाठमोरी होतीस, रेडिओ चालू होता, त्याच्याबरोबर तू गुणगुणत होतीस. ओट्यावर मोठी गाळणी होती, आणि गाळणीत हाडं. लहान, पांढरी, चावून काढल्यासारखी स्वच्छ. तू भांड्यातलं पाणी भाज्यांवर ओतत होतीस. हळूहळू, सांडू नये म्हणून दुसऱ्या हाताने भांड्याची कड धरून.

मी तिथे किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. तुझ्या खांद्याला हात लावता आला असता इतका जवळ होतो. आणि मी परत फिरलो. चष्मा न घेता. दुकानात येऊन संध्याकाळपर्यंत काम केलं, डोळ्यांपुढे सगळं पुसट. दुसऱ्या दिवशी कळलं की एका पुस्तकाच्या पानांचे फर्मे मी उलटसुलट शिवलेत.

त्या आठवड्यात ती साडेअडतीस किलो झाली होती. मार्चनंतर पहिल्यांदा तिच्या गालावर रंग आला होता. मी स्वतःला सांगितलं, दवाखान्यात नळ्या लावण्यापेक्षा हे बरं. सांगितलं की मला नीट दिसलंच नाही, चष्मा नव्हता. सांगितलं की कदाचित ते तू तुझ्यासाठी करत असशील. मी स्वतःला किती गोष्टी सांगितल्या ते तुला सांगत बसत नाही. संध्याकाळी खारूने वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "यात प्राण्याचं काही नाही. एकदाच सांगतो."

पाच आठवडे.

तेव्हा मागच्या पत्रात मी जे लिहिलं, की तू माझं तोंड वापरलंस, ते पहिल्या तीन महिन्यांपुरतंच खरं आहे. उरलेल्या दिवसांत तोंड माझं होतं आणि खोटंही माझंच.

आणि त्या रविवारी, तू हसून सगळं सांगितलंस तेव्हा, खारूने माझ्याकडे पाहिलं. मी चेहऱ्यावर आश्चर्य आणलं. मग संताप आणला. संताप खरा होता, पण कशाचा होता ते तिला कळू दिलं नाही. तुझी बॅग मी ज्या घाईने भरली ती घाई तुझ्यावरच्या रागाची नव्हती. तू आणखी काही बोलायच्या आत तू घराबाहेर असायला हवी होतीस.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही, कारण तू जे केलंस ते केलंसच. पण तू एकटी नव्हतीस, हे तुला माहीत असायला हवं.

धाकटा

१६ ऑक्टोबर

आक्का,

तुझं पत्र आलं. तुझ्याच अक्षरात, वहिनीच्या वहीच्या पानावर. एकच पान. मी ते दुकानात वाचलं, शटर अर्धं ओढून.

तुला माहीत होतं. तू लिहिलंस, "दार मी लोटलं होतं, तू गेल्यावर ते सताड उघडं होतं. त्या दिवसापासून तू सूपाला हात लावेनास, म्हणायचास पोट भरलंय. आणि पोरीला उत्तर देताना ताटाकडे बघायचास. मला वाटलं, धाकट्याला पटलं. बोलता येत नाही बिचाऱ्याला, पण पटलं. मला वाटलं आपण दोघं मिळून करतोय. म्हणून त्या दिवशी मी हसत सांगितलं. तू पण हसशील असं वाटलं. तू मात्र माझी बॅग काढलीस."

हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता ते पाठ आहे.

आणि शेवटी: "मी इथे कोणाला सांगितलं नाही. पोरीलाही सांगू नकोस. तिला माझा राग येऊ दे. निदान तू तरी तिला उरला पाहिजेस."

अडीच महिने दादाच्या घरी बसून माझी पत्रं वाचत होतीस, आणि तुझ्या हातात हे होतं. मी पहिल्या पत्रात नमस्कार लिहिला नाही याचा मोठेपणा मिरवला होता. त्या पत्राची आठवण आली की कान तापतात.

तू सांगू नकोस म्हणालीस तरी मी तिला सांगितलं. शनिवारी सकाळी. ती टेबलाशी बसून संत्रं सोलत होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, "ऑगस्टमध्ये तू मला एक विचारलं होतंस. मी खोटं बोललो. मला माहीत होतं."

तिने संत्रं खाली ठेवलं. "कधीपासून?"

"जूनच्या शेवटापासून. पाच आठवडे."

"दोन वेळचं जेवण," ती म्हणाली. "म्हणजे सत्तर वेळा."

मला वाटलं आता उठेल, नळ सोडेल. मी तो आवाज ऐकायची तयारी करून बसलो होतो. ती उठली, पण न्हाणीघरात गेली नाही. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुपार झाली, मी दुकान उघडलं नाही. चारच्या सुमाराला ती बाहेर आली. डोळे सुजले होते. हात कोरडे होते, आक्का, मी आधी हातच बघितले.

ती दाराशीच उभी राहिली. म्हणाली, "आत्याला वाटत होतं की माझ्या डोक्यात खूळ शिरलंय. तिने तिच्या मते एका खुळ्या मुलीला जगवलं. तुला तर माहीत होतं मी खुळी नाही. मी सरसात बोटं घातली तेव्हा तू समोर होतास. तू मला ओळखत होतास आणि तरी केलंस."

मी म्हटलं, "तुझं वजन..."

"वजनाचं मला सांगायचंस. 'खारू, मला भीती वाटतेय, तू मरशील.' एवढं म्हणायचंस. मी जास्त जेवले असते."

खरंच जेवली असती. ते मला तेव्हा सुचलं नाही, तुलाही सुचलं नाही. आपण दोघं तिच्याशिवाय सगळ्यांना विचारत होतो.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. सोमवारी शाळेतून येताना भाजी घेऊन आली आणि स्वयंपाकघरात शिरली. अडीच महिन्यांनी. मी बाहेरच्या खोलीत बसून भांड्यांचे आवाज ऐकत होतो. तिने कढई धुतली, एकदा, मग बराच वेळ काहीच आवाज नाही, मग पुन्हा नळ. तीन वेळा मोजले मी. सात झाले नाहीत. बटाटे करपले. तिने ते करपलेले बटाटे उभ्यानेच खाल्ले. मला दिले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी माझं आणतो बाहेरून.

डॉक्टर बाईंना मी उत्साहाने सांगायला गेलो की बरी होतेय. त्या म्हणाल्या, "घाई करू नका. हे बरं होणं नाही. हा राग आहे. पण तो तिचा स्वतःचा आहे, आजाराचा नाही. त्याच्या मधे पडू नका." मी विचारलं, माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवेल का ती? बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही." डॉक्टरने असं म्हणावं याचा आधी राग आला. मग वाटलं, गेल्या सहा महिन्यांत मला कोणी दिलेलं हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर असेल.

तुझं पत्र मी तिला वाचायला दिलं. विचारून दिलं. तिने दोनदा वाचलं. 'निदान तू तरी तिला उरला पाहिजेस' या ओळीवर तिचं बोट थांबलं होतं.

काल जेवणं झाल्यावर, तिचं तिने केलेलं आणि माझं डब्यातलं, ती म्हणाली, "आत्याला लिही, यायचं असेल तर ये."

मी म्हटलं, "तू माफ केलंस?"

"नाही. तुलाही नाही. पण ती तिकडे दाराकडे तोंड करून बसलेली मला नको आहे."

मग तिने अटी सांगितल्या. मी कागदावर लिहून घेतल्या आणि तिने वाचून दुरुस्त केल्या. स्वयंपाकघरात आत्याने पाऊल टाकायचं नाही. पाणी हवं असेल तर मागायचं. तिच्यासाठी काहीही शिजवायचं नाही, आणायचं नाही, पिशवीतून काढून हातावर ठेवायचं नाही. ती खाते की नाही यावर बोलायचं नाही. तुला मांस खायचं असेल तर तू बाहेर खाऊन ये, तिची हरकत नाही, तिने मुद्दाम हे लिहायला लावलं. आणि जे पटत नसेल ते तोंडावर सांगायचं, कितीही वाईट असलं तरी.

"आणि बाबा," ती म्हणाली, "या सगळ्या अटी तुलाही आहेत."

म्हणजे आक्का, आपण दोघांनी बाहेरच्या खोलीत बसायचं. आत ती तिचं करेल, आपल्याला वास येईल, आणि आपण विचारायचं नाही. मला एकट्याला ते फार जड जातं. तुझी खुर्ची मी खिडकीपासून हलवून माझ्या खुर्चीशेजारी ठेवली आहे.

ये.

धाकटा